काकूंचे तीन रविवार

आधी काकूंबद्दल सांगतो, मग झालं ते. काकू म्हणजे अमेरिकेत, टेक्ससमधल्या प्लेनोजवळच्या एका हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टर. त्यांचं माझं नातं काही नाही. मी ज्याच्याकडे राहत होतो त्या मामेभावाने आपलं मोटेल विकलं आणि मी, नववीत शाळा सोडलेला, एक बॅग आणि एक बॅट घेऊन रस्त्यावर आलो. तेव्हा काकूंनी मागची खोली उघडून दिली आणि एवढंच विचारलं, "तिखट खातोस ना?"

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या कौंटीत दर रविवारी सामने होणारी क्रिकेटची लीग होती आणि प्रत्येक क्लबला एक 'ओव्हरसीज', म्हणजे परदेशातला, खेळाडू ठेवता येई. आमच्याकडचे अकराच्या अकरा समुद्र ओलांडूनच आलेले, तरी ओव्हरसीज मी एकटाच. बाकीचे डॉक्टर नाहीतर इंजिनिअर होते ना! ह्या जागेबरोबर क्लबच्या अध्यक्षांच्या कारखान्यात सर्किट बोर्ड पॅक करायचं काम मिळे. जागा गेली की काम गेलं, आणि मला दुसरं काम कोण देणार, म्हणून मी एकही सामना चुकवत नसे. नियम असा की लागोपाठ तीन सामन्यांना गैरहजर राहिलं की जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. यादीतला पुढचा माणूस अध्यक्षांचा मेहुणा होता. तो नवे बूट घेऊन ह्यूस्टनहून आला होता आणि अध्यक्षांच्या सोफ्यावर राहत होता.

अशात ऑगस्टमध्ये मला अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचं पत्र आलं.

निवड करणाऱ्यांपैकी मला कोणी खेळताना पाहिलेलं नव्हतं. त्यांना देशात पुरेशी वर्षं राहिलेला गोलंदाज हवा होता आणि माझी पाच भरली होती. स्वतःची पांढरी पँट आणावी, असं पत्रात दोनदा लिहिलं होतं. न्यू जर्सीत तीन रविवार, एक सराव आणि दोन सामने.

"दोन असते तर जमलं असतं," मी काकूंना म्हटलं.

"अरे वेड्या, देशासाठी निवड झालीय तुझी!"

"कुठल्या?"

क्लबने पॉटलक, म्हणजे ज्याने त्याने घरून पदार्थ आणायचं जेवण, ठेवून माझा सत्कार केला. अध्यक्षांनी हार घातला. "देशाने बोलावलं की क्लबने त्याग करायचा असतो," म्हणाले. मेहुण्याने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या, मग मला मिठी मारून कानात विचारलं, "काय रे, तुझ्या त्या पॅकिंगच्या टेबलापाशी पंखा आहे का?"

काकूंनी ते ऐकलं. तिथेच, हातात बटाटेवडा, त्यांनी सेक्रेटरींकडून क्लबची घटना मागून घेतली आणि वाचायला बसल्या. सेक्रेटरी मराठी मंडळाचेही सेक्रेटरी होते. क्लब काढताना त्यांनी मंडळाचीच घटना घेऊन वरचं नाव तेवढं बदललं होतं. त्यात सर्वसाधारण सभेसाठी लिहिलेलं एक कलम तसंच राहून गेलं होतं. 'कुटुंबातील एका सदस्याची उपस्थिती ही कुटुंबाची उपस्थिती समजावी.' आणि क्लबच्या फॉर्मवर मी काकूंच्या कुटुंबात, 'इतर' ह्या रकान्यात होतो.

"झालं तर," काकू म्हणाल्या. "तुझ्या जागी मी जाते."

"काकू, पण तिथे चार-पाच तास उभं राहावं लागतं."

"खुर्ची नेली तर कोणी नको म्हणेल का?"

पहिल्या रविवारी मी न्यू जर्सीतल्या मोटेलच्या लॉबीतून फोन केला. काकू म्हणाल्या, "मी लांब कडेला बसले होते. दोन चेंडू आले, जाऊ दिले. फार घाईत दिसत होते."

घरातल्या दुसऱ्या फोनवरून काका ओरडले, "चौकार होते ते!"

"तुम्ही फोन ठेवा बघू."

दुसऱ्या रविवारी अध्यक्षांनी हरकत घेतली. पण घटना बदलायला सभा हवी, आणि सभा दिवाळीनंतर. शिवाय अर्ध्या क्लबला काकूंनी कधी ना कधी भूल दिलेली. त्यांच्याविरुद्ध हात कोण वर करणार?

इकडे राष्ट्रीय संघात मी बारावा होतो. राष्ट्रगीताचे टाइप केलेले कागद वाटले गेले. पाच देशांतून आलेले अकराजण कागदात बघून गात होते. मी रांगेबाहेर पाण्याची बादली धरून उभा होतो, आणि पाठ फक्त मला होतं. चुकलो तर परत पाठवतील, ह्या भीतीने आठवडाभर घोकलं होतं.

तिसऱ्या रविवारी फोन काकांनीच उचलला. "अरे, तुझ्या काकूची ओटी भरली!"

काकू पदराच्या ओटीत भुईमुगाच्या शेंगा घेऊन सोलत बसल्या होत्या. फलंदाजाने चेंडू उंच मारला, तो थेट शेंगांत. पंच त्रिनिदादचे एक गृहस्थ होते. ते चालत आले, वाकून ओटीत बघितलं, चेंडू जमिनीला लागला नाही अशी खात्री केली, दोन शेंगा तोंडात टाकल्या आणि बोट वर केलं.

"लागलं का हो काकू?"

"शेंगा होत्या ना मध्ये. तू जेवलास का?"

मी सोमवारी कामावर गेलो. टेबलापाशी नवा कोरा पंखा होता. मेहुण्याने आधीच आणून ठेवलेला. दुपारी तो आला, मला 'अभिनंदन यार' म्हणाला आणि पंखा काढून घेऊन गेला. माझी जागा आणि काम, दोन्ही राहिलं.

काका नंतर बोलता बोलता म्हणाले की आठवड्याचे सहा दिवस काकू पहाटे पाचला उठायच्या आणि रविवारी तेवढ्या झोपायच्या. मला हे माहीतच नव्हतं. मी धावत स्वयंपाकघरात गेलो. "काकू, तुमच्या जागी मला कधीही उभं करा."

"हॉस्पिटलात नको रे बाबा," त्या म्हणाल्या. "पेशंट जागे राहतील."

ते तीन रविवार मी अजून परत केलेले नाहीत. पण काकू, एक दिवस मी तुमच्या दारात येईन, चहा करीन, फोन काढून ठेवीन आणि बाहेर तुमच्याच त्या खुर्चीत बसेन. तुम्ही झोपा. कोणी आलं तर मी बघतो.