शोकेसमधली लेन्स

सुलेखाच्या नाकावर राग असतो, असं बजाजनगरात तिला ओळखणारे सगळेच म्हणतात. लग्नाचे फोटो काढणाऱ्या बाईला थोडा राग लागतोच, नाहीतर नवरदेवाचे मित्र तिला स्टेजवर उभीसुद्धा राहू देणार नाहीत. पण त्या जानेवारीत कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती काही उगाच नव्हे.

काउंटरवर तिची नवी लेन्स पडली होती. घेऊन वर्षही झालं नव्हतं. एका हळदीच्या कार्यक्रमात तिनं टेबलावरून कॅमेरा उचलला, कट्‌कन आवाज आला, लेन्स हातात राहिली आणि कॅमेरा गळ्यातल्या पट्ट्याला लोंबकळला. लेन्स कॅमेऱ्यात जिथं अडकते, ती मागची कडी प्लॅस्टिकची होती. तिचे दातच तुटले होते.

"मॅडम, तुम्ही लेन्सला धरून उचललं," काउंटरवरचे साहेब म्हणाले. "ही तुमच्या हाताळणीतली चूक. वॉरंटीत बसत नाही."

"पाडली नाही, आपटली नाही. नुसती उचलली तर तुटते?"

"बॉडीला धरायला पाहिजे होतं. आता दुरुस्त नाही होणार. नवी घ्या ना, सध्या सूट आहे."

सूट! वस्तू त्यांनी तकलादू बनवली, तुटली तेव्हा चूक हिच्या पदरात घातली, आणि वर तीच वस्तू पुन्हा घ्यायला सूट! खोक्यावर मात्र ठसठशीत छापलं होतं, धंद्याच्या फोटोग्राफरसाठी, मजबूत बांधणी. कुठल्या धंद्याच्या? दिवाणखान्यात बसून फुलदाणीचे फोटो काढायच्या?

लेन्स मुठीत धरायची सवय तिला वडिलांची. कडुबा आयुष्यभर विद्यापीठ गेटवर फोटो काढत आले. चौदा जानेवारीला, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं त्या दिवशी, गावोगावची माणसं गेटला माथा टेकायला येतात आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन गेटसमोर उभी राहतात. त्या गर्दीत कॅमेऱ्याची बॉडी धरून चाललं की पुढं आलेली लेन्स कुणाच्या तरी कोपराला लागणारच. म्हणून कडुबा लेन्सच मुठीत धरायचे आणि कॅमेरा छातीशी घ्यायचे. त्यांची लेन्स सगळी धातूची, हातात घेतली की वरवंटा उचलल्यासारखी वाटायची. एकदा रेटारेटीत ती दगडावर आदळली. पुढच्या कडेला पोचा आला, आतलं काही हललं नाही. कडुबांनी ती सदऱ्याला पुसली आणि पुढचं कुटुंब उभं केलं.

तीच लेन्स कडुबा गेल्यावर सुलेखानं गुलमंडीच्या राजेंद्रच्या दुकानात दिली आणि ही नवी घेतली. "ताई, हातानं फोकस फिरवायचा जमाना गेला. याला आता काहीच किंमत नाही. तुमच्यासाठी म्हणून एक्सचेंजमध्ये घेतो," असं तो म्हणाला होता, आणि हिनं मान हलवली होती. लग्नवाल्यांना सगळं झटपट लागतं ना!

घरी आल्यावर तिनं तुटकी कडी नवऱ्याच्या हातात ठेवली. अभय वाळूजला प्लॅस्टिकचे भाग काढणाऱ्या कारखान्यात कामाला. त्यानं ती उजेडात धरून पाहिली.

"प्लॅस्टिकला बोल लावू नको," तो म्हणाला. "जाड घातलं असतं तर पिढ्या टिकलं असतं. यांनी पापडाएवढं घातलंय."

"म्हणजे मुद्दाम?"

"मग काय, चुकून?"

सुलेखाला त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. लेन्सचं दुःख एक वेळ गिळलं असतं. पण सिल्लोडकडून मालनबाईंचा निरोप आला होता. नामांतराच्या आंदोलनात तुरुंगात गेलेली ही म्हातारी दरवर्षी गेटसमोर एकटी उभी राहून फोटो काढून घ्यायची. पहिल्या वर्षापासून कडुबांनी काढला, पुढं सुलेखानं. घराच्या भिंतीवर ते सगळे फोटो रांगेनं लावलेले. आता गुडघे साथ देत नव्हते. "औंदा येते पोरी, पुढच्याचं सांगत नाय," असं ती फोनवर म्हणाली होती. मोबाइलवर काढू का, असं सुलेखानं विचारलं तर म्हातारी उखडली. "मोबाइलातला फोटू मोबाइलातच मरतो. मला भिंतीवर पायजे."

लेन्स उसनी कोण देणार? चौदा तारखेला शहरातला झाडून सगळा फोटोग्राफर गेटवर असतो.

दुसऱ्या दिवशी ती कॅमेरा आणि तुटकी लेन्स पिशवीत घालून गुलमंडीला गेली, राजेंद्रला चार शब्द सुनवायला. दुकानात पाय ठेवला आणि सुनवायचं राहूनच गेलं. समोरच्या काचेच्या शोकेसमध्ये, कागदी गुलाब आणि पितळी समई यांच्यामध्ये, कडुबांची लेन्स बसवली होती. पुढच्या कडेला तोच पोचा.

"हे काय?"

"शोपीस आहे ताई. गिऱ्हाइकाला जुनं बघायला आवडतं."

शोपीस! ज्या लेन्सनं अख्ख्या मराठवाड्याचे संसार टिपले, ती समईशेजारी शोभेला! सुलेखानं स्वतःच काच सरकवली, लेन्स काढली, फोकसची कडी फिरवून पाहिली. कडी तशीच, लोण्यातून सुरी जावी तशी फिरली. कॅमेऱ्यावर चढवली. घट्ट बसली.

"ओ ताई, ती विकलीय तुम्ही!"

"विकली तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, हिला काही किंमत नाही? मग बिनकिमतीच्या वस्तूचं काय मागता?"

सुलेखानं पिशवीतून तुटकी लेन्स काढली आणि समईच्या शेजारी नीट, तोंड पुढं करून ठेवली.

"शोभेला हीच बरी. फक्त उचलू नका म्हणावं गिऱ्हाइकांना."

चौदा तारखेला गेटवर पाय ठेवायला जागा नव्हती. निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, धूळ. सुलेखा लेन्स मुठीत धरून गर्दीतून वाट काढत होती आणि कुणाचं कोपर लागलं तरी तिला काळजी नव्हती. मालनबाई नातवाच्या खांद्याला धरून आली. "जय भीम पोरी," म्हणाली, नातवाला बाजूला सारलं, आणि पांढऱ्या लुगड्याचा पदर सावरून एकटी उभी राहिली.

आणि सुलेखाला घाम फुटला. वर्षभर यंत्रानं फोकस केला होता, हाताची सवय मोडली होती. कडी पुढं गेली की चेहरा धूसर, मागं आणली की गेटची अक्षरं धूसर. मागं रांगेतली माणसं ओरडू लागली. नातू पुढं झाला, "ताई, आजीला उभं राहवत नाही हो."

"जरा थांबा मावशी," सुलेखा रडकुंडीला येऊन म्हणाली. "एवढं एक मिनिट थांबा."

मालनबाईनं नातवाला हातानंच मागं सारलं आणि मान वर करून गेटवरच्या नावाकडं पाहिलं.

"ह्या नावासाठी सोळा वरसं थांबलो आम्ही," ती म्हणाली. "तू घे सावकाश."