शेवटच्याला आणायला कोण आलं?

आधीच सांगते, मी ऑडिटमधली बाई. व्हाउचर नाही तर खर्च मान्य नाही, हा माझा खाक्या. भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण लिहितेच.

२०१४ ची गोष्ट. सिंगापुरात क्लेमेंटी भागातल्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं – मी, नवरा सतीश आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई. सतीशला पळण्याचं वेड. तिथल्या डिसेंबरच्या मॅरेथॉनला आमचा मराठी टाळक्यांचा ग्रुप दरवर्षी उतरायचा आणि त्यात एक नियम सतीशनेच घालून दिलेला – जो पहिला पोचेल त्याने उलटं मागे जायचं आणि आपल्यातल्या शेवटच्याला घेऊन यायचं. तोवर पोह्यांचा डबा उघडायचा नाही! पहिला अर्थातच तो असायचा. आणि शेवटची बहुधा मी. लांबूनच ओरडत यायचा, "चल गं, पोहे गार होतायत!"

त्या वर्षी जूनमध्ये त्याला स्ट्रोक आला. बोलणं वाचलं, पण उजवा पाय लाकडासारखा पडून. फिजिओ म्हणाली, थोडी तरी हालचाल लवकर दिसायला हवी. महिने गेले, काही नाही. मग त्याने व्यायामच सोडला. "आता कशाला?" एवढंच म्हणायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा. मला त्याचा भयंकर राग यायचा, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटायची.

मॅरेथॉनला माझं नाव त्यानेच आजारपणाआधी नोंदवून ठेवलेलं. मी जाणार नव्हते. सासूबाईंनीच मला घालवलं. "जा गं, मी बसते त्याच्याजवळ. तुलाही जरा वारा लागू दे."

वारा कसला, ऊन! सराव शून्य. ईस्ट कोस्ट पार्कात पोटरीत असा काही गोळा आला की रस्त्याकडेला फतकल मारून बसले. समोर समुद्रात जहाजं उभी आणि मी चक्क रडत होते. मागे राहिलेल्यांना गोळा करणारी बस येतेच, तिच्यात चढायचं ठरवून टाकलं.

तेवढ्यात समोरून सतीश आला.

ग्रुपचा केशरी टी-शर्ट, नेहमीसारखे खांदे वर करून, उलट दिशेने पळत. "चल गं, पोहे गार होतायत!" आणि गंमत बघा, मला काही नवलच वाटलं नाही. "येते रे बाबा, जीव नको खाऊस," म्हणत उठले आणि त्याच्याबरोबर पळायला लागले. बाजूला त्याच्या बुटांचा आवाज येत होता. पाण्याच्या टेबलापाशी एका चिनी आंटीने मला ग्लास दिला, आणि दुसरा माझ्या पलीकडे धरला. "हजबंड ऑल्सो मस्ट ड्रिंक, लाह!"

मी वळून पाहिलं. कुणी नाही. आंटीही ग्लास तसाच धरून इकडेतिकडे बघत होती.

तेव्हा कुठे माझं डोकं ताळ्यावर आलं – आणि पायाखालची जमीनच सरकली. माणूस असा अचानक कधी दिसतो, ते आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं ना... सतीशचं काही बरंवाईट तर झालं नाही? फोन बॅगेत, बॅग फिनिशपाशी. मग मी जी काय सुटले! पोटरी गेली खड्ड्यात. नंतर निकाल लागला तेव्हा माझ्या सगळ्या टप्प्यांत हा शेवटचाच सगळ्यात वेगवान निघाला.

फिनिशला ग्रुपमधला मंदार धावत आला. "सॉरी वहिनी! तुम्हाला आणायला कुणी गेलंच नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरा गेलाय..." त्याला तसाच बाजूला सारून मी बॅग गाठली. सासूबाईंचे एकामागून एक मिस्ड कॉल. फोन लावला तर पलीकडे त्या रडत होत्या.

"आई, काय झालं? अहो सांगा ना!"

"अगं, पाय हलला! झोपेत घामाघूम झाला होता, मी पुसत होते... आणि उजवा पाय हलला गं त्याचा! या डोळ्यांनी पाहिलं मी."

मी तिथेच गवतावर बसून हमसून हमसून रडले. मंदारला वाटलं, मी ग्रुपवर चिडून रडतेय. बिचारा सॉरी सॉरी म्हणत राहिला.

डॉक्टर म्हणाले, हालचाल कधी कधी उशिरा सुरू होते. मान्य. उन्हाने डोकं फिरतं, तेही मान्य. त्या आंटीला दुसरंच कुणी दिसलं असेल. सतीशला तर साधं स्वप्नसुद्धा आठवत नाही. सगळ्या बाजूंनी जुळवून पाहिलं, पण आजही हे कोडं मला सुटलेलं नाही. आणि खरं सांगू? सोडवायचा नादही मी सोडलाय.

त्या दिवशी घरी पोचले तेव्हा तो उशीला टेकून बसला होता. मला बघताच म्हणाला, "थांब, थांब, हे बघ." आणि उजव्या पायाचा अंगठा हलवून दाखवला. मग पुन्हा. मग पुन्हा पुन्हा... शेवटी सासूबाई म्हणाल्या, "पुरे रे, दमशील."

"दमू दे गं आई," तो म्हणाला. "किती दिवसांनी दमतोय."