बाइंडरबाईंचे सात जिन्न

बाइंडरबाईंच्या ताब्यात सात जिन्न आहेत, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. ते ठेवलेत कुठे, एवढंच काय ते बाईंना ठाऊक नव्हतं.

ही इस्टेट वडिलांकडून आलेली. अब्बा पुस्तकबांधणी करायचे. आज सकाळी घड्या घातलेल्या छापील पानांचे गठ्ठे दुकानात येऊन पडावेत आणि उद्या दुपारी पुठ्ठा चढवून पुस्तकं तयार मिळावीत, असा त्यांचा झपाटा. एकदा एका गिऱ्हाइकानं पाहिलं, अब्बा समोरच्या टपरीवर निवांत चहा पीत बसलेत आणि दुकानाच्या बंद दाराआड ठकठक चाललीय. "उस्ताद, आत कोण राबतंय? जिन्न पाळलेत की काय?" त्यानं विचारलं. अब्बा गालातल्या गालात हसले. झालं! एकाचे सात व्हायला आठवडासुद्धा लागला नाही.

आत राबत होती ती अम्मी. पडद्यामागे बसून ती पानांना भोकं पाडायची, मेण लावलेल्या दोऱ्यानं ती शिवायची, आणि थोरली लेक म्हणून बाई तिला सुया ओवून द्यायच्या. बायकोच्या हातांवर दुकान चालतं हे सांगायला अब्बांना लाज वाटे. जिन्नांच्या हातांवर चालतं म्हटलं की मान ताठ. पुरुषांच्या अब्रूचं हे गणित भल्याभल्यांना सुटलेलं नाही.

पुढे अम्मी गेली, अब्बा गेले, दुकान बाईंकडे आलं. लोकांनी जिन्नही त्यांच्याच नावावर करून टाकले. बाईंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. एकट्या बाईच्या दारात टवाळखोर उभे राहत नाहीत, कामाला उशीर झाला तरी कुणी आवाज चढवत नाही. फुकटचा पहारा कोण हाकलून देईल? त्याही वडिलांसारख्याच नुसत्या हसायच्या. चूक झाली ती इथे, आणि महागात पडली भलत्याच जिवाला.

एका दुपारी धाकटी बहीण सोळा वर्षांच्या लेकीला घेऊन दुकानात आली. मुलीचा चेहरा उतरलेला, जिभेच्या कडेला जखम.

"आपा, हिला धरलंय," धाकटी म्हणाली. "बोलता बोलता नजर थिजते, मग खाली पडते, हातपाय झाडते. चार महिने झाले."

"चार महिने? डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर कशाला? घरात सात-सात जिन्न असताना दारोदार फिरू होय? तुझ्यामागे कामाचा रगाडा म्हणून थांबले होते. आता सासूबाईंनी झाडफूक करणारा एक आमिल शोधलाय. मिरच्यांची धुरी देतो, छडीनं झोडतो, पण भूत-जिन्न काही असो, काढतोच म्हणे. शुक्रवारी बोलावलंय. म्हटलं, त्याआधी तू एकाला हुकूम कर."

बाईंच्या हातातली खळीची वाटी टेबलावर कलंडली. आपल्या एका हसण्यावर ही पोर चार महिने पडत राहिली, हे त्यांच्या काळजात कट्यारीसारखं घुसलं.

"माझ्याकडे कुणी नाही," त्या म्हणाल्या. "अब्बांकडेही नव्हतं. पडद्यामागे अम्मी होती. तू पाळण्यात होतीस, म्हणून तुला माहीत नाही."

धाकटी उसळलीच. "मेलेल्या बापाला खोटं पाडतेस? उद्या म्हणशील, जिन्नच नसतात!"

"असं कशाला म्हणेन? अल्लाहनं माणसाला मातीपासून घडवलं आणि त्यांना आगीपासून. आहेत. पण ते माझे नोकर नाहीत, तुझेही नाहीत." बाई मौलवींचीही पुस्तकं बांधत आणि दवाखान्याचीही. पानं उलटसुलट लागू नयेत म्हणून ती वाचावीच लागत. त्यामुळे त्या पाऊण मौलवी आणि अर्ध्या डॉक्टर झाल्या होत्या. "हुकूम चालला तो सुलेमान पैगंबरांचा. माझ्यानंतर असं राज्य कुणालाच देऊ नकोस, अशी दुआ त्यांनी मागितली होती. आपल्या पैगंबरांच्या हाती एक आडदांड जिन्न लागला, त्याला मशिदीच्या खांबाला बांधणार होते. ती दुआ आठवली आणि सोडून दिला. ज्यांना जमत होतं त्यांनी सोडला, आणि तुझा मिरचीवाला बांधून ठेवतो? आणि ऐक, सुलेमान पैगंबर काठीला टेकून उभ्या उभ्या वारले, तरी जिन्न कामच करत राहिले. काठी वाळवीनं खाल्ली, ते पडले, तेव्हा कुठे कळलं. समोरचा माणूस जिवंत की मेलेला हे ज्यांना कळेना, ते तुझ्या लेकीच्या डोक्यातलं काय सांगणार?"

तेवढ्यात मुलगी स्टुलावरून खाली कोसळली. डोळे फिरले, हातपाय झटके देऊ लागले.

"आपा, बोलाव त्यांना!" धाकटी किंचाळली. "पाया पडते, हुकूम कर!"

आता खरी परीक्षा होती. झटका आपोआप थांबणार, हे बाईंनी वाचलेलं. एकदा मोठ्यानं "निघ!" म्हटलं असतं, तर दोन मिनिटांत फत्ते, बहीण जन्मभर पाय धुऊन प्यायली असती. आणि पोरीला डॉक्टर कधीच दिसला नसता.

बाई तोंडातून शब्द काढीनात. त्यांनी कात्री नि लोखंडी वजनं पायानं बाजूला सारली, मुलीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली कापडाचे तुकडे सरकवले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळे लावले. धाकटी त्यांचा खांदा गदागदा हलवत राहिली. एक मिनिट. दोन मिनिटं. मग झटके विरळ झाले, थांबले, मुलगी खोल श्वास घेऊ लागली.

"बघितलंस?" बाई म्हणाल्या. "मी कुणाला हुकूम केला? कोण आलं? कोण गेलं? दुआ मी रोज मागेन, दुआला जिन्न लागत नाही. पण आत्ता ऊठ, दवाखान्यात चल."

धाकटीनं लेकीकडे पाहिलं, डोळे पुसले आणि चपला पायात सरकवल्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "झटका येण्याआधी काय होतं?" धाकटी सवयीनं सांगू लागली, तशी डॉक्टरीणबाईंनी तिला हातानं थांबवलं आणि मुलीकडे वळल्या.

मुलगी आधी गोंधळली. मग म्हणाली, "काहीतरी जळल्याचा वास येतो. डावा हात बधिर होतो. मग काही आठवत नाही."

"अगं, मग हे आधी का नाही बोललीस?" धाकटी म्हणाली.

"शुद्धीवर आले, की तुम्ही सगळे माझ्या अंगातल्या त्यालाच विचारायचात, तू कोण, कुठून आलास. मला कुणी काही विचारलंच नाही."

धाकटीनं आपली खुर्ची लेकीजवळ ओढली, तिचा डावा हात हातात घेतला आणि म्हणाली, "सांग."