शनिवारचं जर्मन वाचन

कंगव्याचं चित्र असलेलं कार्ड कुमुदताईंनी हातात घेतलं, नीट पाहिलं आणि ठाम आवाजात सांगितलं, "हे ना, सारमळ. दिवटी करून ठेवायची, मग फारडी निघते."

"कंगवा," मी म्हटलं.

"तेच तर," त्या म्हणाल्या आणि कार्ड मला परत दिलं.

शेजारच्या खुर्चीत त्यांचे मिस्टर, सामंतकाका, बसले होते. त्यांनी चष्मा काढला आणि उगाच पुसत बसले.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. मुलुंडला एका सेंटरमध्ये काम करते, आणि ज्या पेशंटना जिना उतरता येत नाही त्यांच्या घरी जाते. लोकांना वाटतं आम्ही फक्त तोतरं बोलणाऱ्या मुलांना शिकवतो. प्रत्यक्षात माझ्याकडे जास्त येतात ती स्ट्रोक झालेली माणसं. मेंदूतल्या भाषेच्या भागाला मार बसला की वाचाघात होतो. त्याचे प्रकार आहेत. एकात माणसाला सगळं समजतं, पण शब्द तोंडातून बाहेर पडत नाही. दुसऱ्यात बोलणं भरभर वाहत असतं, आवाजातले चढउतार, हातवारे, सगळं पूर्वीसारखं. फक्त त्यात अर्थ नसतो. समोरच्याचं बोलणंही धड कळत नाही. कुमुदताईंना हा दुसरा प्रकार झाला होता. बोलण्याबरोबर वाचनही गेलं होतं.

घाटकोपर पूर्वेला, जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर हे दोघं राहायचे. मुलगी लग्न होऊन बंगलोरला. काका भांडुपच्या एका औषध कंपनीच्या अकाउंट्समधून रिटायर झालेले. पहिल्याच दिवशी दारापर्यंत सोडायला आले तेव्हा हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, मला तिचं भाषण ऐकायचं नाहीये. एकदा 'अहो' म्हणाली तरी पुरे."

"म्हणजे?"

"लग्न झाल्यापासून तिने मला नावाने हाक मारलेली नाही. अहो, एवढंच. आता तेही नाही. मला बोलवायचं असेल तर टेबलावर वाटी आपटते."

अशा वेळी मी कोणाला आशा दाखवत नाही. 'प्रयत्न करू' म्हणते आणि चपला घालते. पण ती वाटी माझ्या डोक्यात राहिली.

नियमाप्रमाणे कामाला सुरुवात केली. चित्रांची कार्डं, वस्तू ओळखणं, साध्या सूचना. घरात वस्तूंवर चिठ्ठ्या लावायला सांगितल्या. काही पेशंटना त्याचा उपयोग होतो, अक्षराची ओळख हळूहळू परत येते. काकांचं अक्षर मोत्यासारखं. त्यांनी दार, फ्रीज, पंखा तर सोडाच, लाटण्यावरही 'लाटणं' अशी चिठ्ठी डकवली. कुमुदताई त्या चिठ्ठ्यांकडे बघायच्याही नाहीत. सकाळचा पेपर त्यांनी एकदा उघडला, बराच वेळ धरून ठेवला आणि घडी न घालता खाली टाकला. त्यानंतर काका पेपर शेजाऱ्यांकडे जाऊन वाचायला लागले.

एका दुपारी मी वेळेआधी पोचले. कुमुदताई खिडकीजवळ बसल्या होत्या. मांडीवर एक जाडं, जुनं मासिक. सावकाश पान उलटत होत्या, मधेच हसत होत्या. मी इतके दिवस त्या घरात जात होते, पण त्यांना हसताना पाहत होते ते पहिल्यांदाच.

जवळ जाऊन पाहिलं. परदेशी फॅशनचं मासिक. कोट घातलेल्या, टोपी घातलेल्या उंच बायका, आणि खाली ओळीच्या ओळी जर्मन. मधल्या पानांत एक मोठा कागद घडी करून ठेवलेला होता. त्यावर लाल, काळ्या, निळ्या रेघांचं जाळं. असल्या मासिकात कपडे बेतण्याचे नमुने देतात, एकाच कागदावर वीसेक कपड्यांचे, एकात एक घुसलेले. आपल्याला हवी ती रेघ शोधून ट्रेस करायची. कुमुदताईंचं बोट एका रेघेवरून चाललं होतं, आणि कुठेही न अडखळता खांद्यापासून काखेपर्यंत आलं.

"या जर्मन शिकल्या होत्या?" मी काकांना विचारलं.

"छे हो. आमचे एक साहेब जर्मन होते. त्यांची मिसेस मासिकं टाकून द्यायची, मी उचलून आणायचो. ते जर्मनीला परत गेल्यावर हिने रद्दीवाल्याकडे लावून धरलं. गल्लीतल्या पोरींचे फ्रॉक हिने यातूनच बघून शिवलेत. एक अक्षर कळायचं नाही, तरी तासन्‌तास वाचायची."

"वाचायच्या म्हणजे?"

"ते हेमा राणेला विचारा. समोरच्या बिल्डिंगमधली तिची मैत्रीण. दर शनिवारी दोघी बसायच्या. मी आधी शनिवारी कंपनीत, रिटायर झाल्यावर त्या वेळी भाजीबाजारात. काय चालायचं देवाला ठाऊक."

मला मासिकात रस आहे हे बघून काकांना हुरूप आला. पुढच्या वेळी गेले तर त्यांनी टेबलावर सगळी तयारी मांडून ठेवली होती. मोबाइल मासिकावर धरला की जर्मनचं मराठी होतं, हे त्यांना मुलीने फोनवर शिकवलं होतं. काकांनी एका चित्राखालच्या ओळींवर मोबाइल धरून मला वाचून दाखवलं, "हलक्या लोकरीचा कोट, दोन खिसे, आकार छत्तीस ते चव्वेचाळीस." मग अभिमानाने पानं उलटून दाखवली. प्रत्येक चित्रावर छोट्या चिठ्ठ्या. कोट. पट्टा. टोपी. बटण.

"आवडीचं पुस्तक आहे ना मॅडम? यातून पटकन शिकेल."

कुमुदताईंनी मासिक ओढून घेतलं. पहिली चिठ्ठी नखाने काढली. मग दुसरी. गोंद पक्का होता, कागद निघाला तो चित्रासकट. एका बाईचा अर्धा चेहरा चिठ्ठीबरोबर आला. कुमुदताईंनी तो तुकडा परत जागेवर लावून पाहिला. तो राहिना. मग त्या रडायला लागल्या. स्ट्रोकनंतर हॉस्पिटलमध्येही रडल्या नव्हत्या, असं काका नंतर म्हणाले.

"मी काय वाईट केलं हो?" काकांनी मला विचारलं.

खरं सांगायचं तर मलाही ते त्या क्षणी उमगलं. मी म्हटलं, "काका, या घरातली प्रत्येक वस्तू त्यांना सांगतेय की तुला आता वाचता येत नाही. या एका मासिकात त्यांना आधीही वाचता येत नव्हतं. इथे त्यांचं काही हरवलेलं नव्हतं."

मी निघाले तेव्हा काका लाटण्यावरची चिठ्ठी ओल्या फडक्याने पुसून काढत होते.

त्याच संध्याकाळी मी हेमाताईंना फोन लावला. स्ट्रोकनंतर त्या एकदाच येऊन गेल्या होत्या.

"मी येऊन काय करू?" त्या फटकन म्हणाल्या. "ती बोलते त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. मी समोर रडले तर तिला किती वाईट वाटेल."

"त्या मासिकं बघत बसतात."

मग त्यांनी दोघींचा शनिवार सांगितला.

खेळ साधा होता. हेमाताई पान उलटायच्या आणि चित्रातल्या बाईला गल्लीतल्या एखादीचं नाव द्यायच्या. ही बँकेतली गोरेबाई, ही तळमजल्यावरची नखरेल सून. मग कुमुदताई खालच्या ओळींवर बोट ठेवून 'वाचायच्या'. सुरुवात ठरलेली: "अहो, ऐकलंत का." कारण चित्रातली प्रत्येक बाई नवऱ्याकडे काहीतरी तक्रार करत असते, असं दोघींनी ठरवून टाकलं होतं. त्यापुढे खोटं जर्मन, घशातून खरखर काढत, मनाला येईल ते. आणि शेवटी मराठीत अर्थ. कोट जुना झाला, सासूने खिसे तपासले, असलं काहीतरी. दोघी हसून हसून लोळायच्या.

"पोरं मोठी झाली, गुडघे गेले, पण आमचा शनिवार चुकला नाही," हेमाताई म्हणाल्या. "आता मराठी अर्थ कोण सांगणार?"

"अर्थ राहू द्या," मी म्हटलं. "तुम्ही पान उलटायला या."

त्या शनिवारी मी मुद्दाम गेले. हेमाताई भाजलेल्या शेंगा घेऊन आल्या. दारात क्षणभर थबकल्या, पदर खोचला आणि थेट कुमुदताईंच्या शेजारी जाऊन बसल्या. कशी आहेस वगैरे काही नाही. मासिक उघडलं. पान उलटलं. लाल कोटातली एक बाई.

"ह्या बायेचो कोट बघ गो. आपली गोरेबाई."

कुमुदताईंनी चित्र पाहिलं. हेमाताईंकडे पाहिलं. मग खालच्या ओळीवर बोट ठेवलं, घसा साफ केला आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का."

आणि पुढे सुटल्या. सारमळ, फारडी, गरगंड, नाना शब्द, कसलाच अर्थ नसलेले. गेले कित्येक महिने याच बोलण्याने ते घर हवालदिल झालं होतं. इथे ते चपखल बसत होतं. हेमाताई हसल्या, सवयीने, मोठ्याने. मग त्यांनी पदर तोंडावर ओढला आणि तो बराच वेळ खाली घेतला नाही.

स्वयंपाकघरातून काका धावत आले. हातात चहाची गाळणी, तिच्यातून थेंब ठिबकत होते. "काय गं? काय हवंय? मी आलो बघ."

कुमुदताईंनी वर पाहिलं. वाचताना कोणी मधे आलं की बघतो, तसं. मग नजर खाली वळवली आणि स्वतःच पान उलटलं.

मी काकांना आत घेऊन गेले. हे सांगणं माझं काम होतं आणि त्या दिवशी ते मला नकोसं झालं होतं. काही बोलणं मेंदूत वेगळ्या जागी साठवलेलं असतं, हे मी त्यांना समजावलं. आकडे, आरत्या, शिव्या, रोजची ठरलेली वाक्यं. प्रसंग जुळला की ती आपोआप बाहेर येतात. वाचाघात झालेला माणूस अख्खी आरती म्हणतो, पण त्याला पाणी मागता येत नाही. याला आम्ही ऑटोमॅटिक स्पीच म्हणतो. त्यात कोणाला हाक मारलेली नसते.

"म्हणजे मला नाही म्हणाली."

"नाही, काका."

त्यांनी गाळणी बेसिनमध्ये ठेवली. चहा कपांत ओतला, एक थेंब न सांडता.

"कळलं," ते म्हणाले. "पण आवाज तिचाच होता ना?"

मी इतकी वर्षं पेशंटच्या घरच्यांशी बोलते आहे. तरी डोळे भरून आले, म्हणून मी ट्रे उचलला आणि बाहेर गेले.

पुढचे काही महिने मी तो 'अहो' मासिकाबाहेर आणायचा प्रयत्न केला. काकांना समोर उभं केलं, चित्र दाखवलं, सुरुवातीचा सूर धरून दिला. त्या माझ्याकडे कौतुकाने बघायच्या आणि तिसरंच काही बोलायच्या. त्यांचे न्यूरोलॉजिस्ट माझ्या ओळखीचे. त्यांनी एकदा सरळ विचारलं, "बोलण्यात इम्प्रूव्हमेंट?"

"नाही."

"समजण्यात?"

"फारशी नाही."

"मग सेशन्स कशासाठी चालू आहेत?"

"बंद करते," मी म्हटलं, आणि बंद केली. काकांनी वाद घातला नाही. हेमाताई येत राहतील, एवढं समाधान मला होतं.

तेही टिकलं नाही. हेमाताईंची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. घाटकोपरची भाडी परवडेनात, म्हणून मुलाने पार बदलापूरला जागा घेतली. तिथून गुडघे सांभाळत येणं शक्य नव्हतं. जायच्या आधीच्या शनिवारी त्यांनी एका बैठकीत तीन मासिकं संपवली आणि कुमुदताईंना काहीच सांगितलं नाही. सांगून कळलं नसतं, आणि कळलं असतं तर ते अधिक वाईट, असं मला फोनवर म्हणाल्या.

काही आठवड्यांनी काकांचा फोन आला. कामाचा नव्हता, सहज होता.

"शनिवारी ती दाराकडे बघत बसते हो. दोन शनिवार तसेच गेले. मग मीच बसलो शेजारी. मला कुठे तो खेळ येतो? ती नावंबिवं सुचत नाहीत. नुसतं पान उलटतो."

"मग वाचतात?"

"वाचते. अहो, ऐकलंत का, आणि पुढे तिचं जर्मन."

"आणि तुम्ही?"

"मी 'ओ' देतो. मला माहितीये ती मला म्हणत नाही. तुम्ही समजावलं होतंत. पण परवा मी मुद्दाम गप्प बसलो, तर ती पुढे वाचेचना. बोट तसंच ओळीवर. मी ओ म्हटलं, मग पुढे गेली."

मी फोन ठेवला. मला कळत होतं की याने काही सिद्ध होत नाही. सवय असेल, योगायोगही असेल. कुमुदताईंची फाइल मी परत उघडली नाही. तिच्यात शेवटी 'प्रगती नाही' असं लिहिलेलं आहे, आणि आमच्या शास्त्राप्रमाणे ते बरोबर आहे.

फक्त नवीन पेशंटकडे गेले की आता मी चिठ्ठ्या लावायला लगेच सांगत नाही. आधी विचारते, घरात असं काही आहे का, जे यांना पहिल्यापासूनच वाचता येत नव्हतं.