सात रात्रींची विहीर

सन अठ्ठावीसची गोष्ट. कडूबा मलकापूरच्या सरकी काढायच्या जिनात यंत्रांना तेल घालायचा. मी तिथेच कापसाच्या गाठी उचलायचो. पावसाळ्यात जिन बंद असे. तेवढ्या दिवसांत, दोन पावसाळे खपून, त्याने सात रात्री चालणारं नाटक लिहिलं. विहिरीला पाणी लागत नाही आणि पाणी लागेपर्यंत खणणाऱ्याच्या बायकोने अन्न सोडलं आहे, एवढाच विषय.

महादेवरावांची नाटक कंपनी आली तेव्हा आम्ही पहिली रात्र करून दाखवली. कडूबा खणणारा, मी बायको. मिशा काढाव्या लागल्या. विहिरीचा लाकडी रहाट गावातून मलकापूरपर्यंत दोन कोस खांद्यावर मीच नेला.

"पाणी कवा लागते?" महादेवरावांनी विचारलं.

"सातव्या रात्री."

"सात रात्री लोक कोरडी विहीर पाहतीन? जा भाऊ."

रहाट परत आणला. तोही मीच.

दिवाळीनंतर अर्जुनरावांचा मुक्या सिनेमाचा तंबू लागला. यंत्र एकच. रीळ बदलेपर्यंत लोक बोंबलत. त्या वेळात काही करा, म्हणाले. दहा मिनिटं.

"पहिली रात्रच दोन घंट्याची आहे," कडूबा म्हणाला.

"दाबल्याबिगर गाठ होते काय बे?" मी म्हणालो. "काप थोडं."

एक ओळ कापली नाही. भरभर बोलू, म्हणे. माझ्या मिशा पुन्हा गेल्या.

खेळात मी वरून दोरीने त्याची भाकरी विहिरीत सोडली. "ओल लागली काय हो?"

कडूबाने मूठ उघडून लोकांना कोरडी माती दाखवली. वर ओरडला, "लागली! जेव आता."

इतक्यात रीळ तयार झालं. अर्जुनरावांनी आमचा कंदील उचलून नेला. अंधार. एकही शिट्टी नाही. बायकांच्या बाजूने नाकं ओढल्याचा आवाज.

"उद्या येवढंच करा," अर्जुनराव म्हणाले.

वाटभर कडूबा चरफडत होता. पाथरवटाचा प्रवेश राहिला, सासऱ्याचा राहिला, सहा रात्री राहिल्या. मी रहाट रस्त्यात टेकवला.

"दोन साल तुही विहीर मी वाहून राह्यलो. उद्या येवढंच. नाही तं हा तू उचल."

त्याने उचलला. पन्नास पावलांवर ठेवला. घाम पुसत म्हणाला, "बरं. येवढंच."

आठ दिवस तेवढंच केलं. नंतर बाजारात भाजीवाली अंबूबाई त्याला म्हणाली, "काऊन रे कडूबा, मंग जेवली का ते बाई?"

नाटकात दुसऱ्या रात्री बायको खोटं ओळखते आणि भाकरी परत पाठवते. मला सगळं पाठ होतं. कडूबाने तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं.

"जेवली, अंबूबाई," तो म्हणाला.