राजनच्या फोटोवरचा हार

अ‍ॅशबर्नमधून निघाल्या निघाल्या मी गाणी लावली. मागच्या सीटवरून माझ्या मैत्रिणीच्या अम्मांनी हळूच विचारलं, "आजच्या दिवस नको लावूस, चालेल?" मी लगेच बंद केली. तोपर्यंत माझ्या डोक्यात ही रोड ट्रिप होती. मे महिना, छान ऊन, व्हर्जिनिया ते न्यू जर्सी ड्राइव्ह, मांडीवर चकल्यांचा डबा. कुठे चाललोय हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि कळणं वेगळं, यार.

गाडी थारिणी चालवत होती. ती माझ्या टीममध्ये आहे, आमची डेस्क शेजारी शेजारी आहेत. मी रत्नागिरीची. ती इथेच जन्मली, पण तिचे आईवडील जाफन्याचे, श्रीलंकेतले तमिळ. वडील गेले, आता ती आणि अम्मा, म्हणजे तिची आई रंजिनी, दोघीच राहतात. दर मे महिन्यात या दोघी न्यू जर्सीला जातात. श्रीलंकेत तमिळांसाठी वेगळा देश मागणारी जी सशस्त्र चळवळ होती, तिचं आणि सरकारचं युद्ध मे महिन्यातच संपलं. शेवटच्या दिवसांत समुद्राकाठच्या एका पट्टीत अडकून हजारो माणसं मेली. त्यांच्या आठवणीत हा कार्यक्रम असतो. या वर्षी थारिणी म्हणाली, "तू येतेस? मला एकटीला अम्माला सांभाळायला जड जातं." मी हो म्हटलं. मी कशालाही पटकन हो म्हणते.

मेरीलँडमध्ये ट्रॅफिकला अडकलो असताना बाबांचा फोन आला.

"त्या लोकांच्या कार्यक्रमाला कशाला जातेस तू?" बाबांचा आवाज स्पीकरवर. "आपल्या माजी पंतप्रधानांना मारलं त्यांनी. विसरलीस?"

"बाबा, गाडीत आहे. नंतर बोलते."

मी फोन ठेवला. अम्मांना मराठी येत नाही, पण 'पंतप्रधान' हा शब्द बहुतेक कळला असावा. त्या तमिळमध्ये काहीतरी म्हणाल्या आणि थारिणीने मला सांगितलं, "ती म्हणतेय, तुझे वडील बरोबर बोलतायत. त्यांना सांग, मीही तेव्हा रडले होते."

मी चकल्या पुढे केल्या. अम्मांनी एक घेतली.

डेलावेअरच्या रेस्ट एरियात थांबलो. बाहेरच्या बाकावर बसून अम्मांनी पर्समधून एक फोटो काढला. शर्टाची वरची गुंडी लावलेला, भांग पाडलेला एक मुलगा. त्यांचा तंबी (धाकटा भाऊ) राजन. अम्मा लग्न करून अमेरिकेत आल्या तेव्हा तो शाळेत होता. नंतर तो इयक्कममध्ये गेला (चळवळीला ते लोक नुसतं 'इयक्कम' म्हणतात) आणि वर चढत चढत पुढाऱ्यांपैकी एक झाला. एका सबंध विभागाचा प्रमुख. अम्मा इंग्रजी तमिळ मिसळून सांगत होत्या, पण त्यांनी यातलं काहीच सांगितलं नाही. हे सगळं मला आधी थारिणीकडून कळलेलं. अम्मांनी गोष्ट एकदम बसपासून सुरू केली.

"शेवटच्या दिवशी सैन्याने लाउडस्पीकरवर सांगितलं, जे कोणी इयक्कममध्ये होते त्यांनी पुढे यावं, नाव सांगावं, काही होणार नाही. माझा तंबी गेला. लोकांनी बघितलंय. त्याला बसमध्ये बसवलं. बस गेली. त्यानंतर सरकार म्हणतं, असा कोणी आमच्याकडे आलाच नाही." त्या फोटोवरचा नसलेला डाग पुसत होत्या. "पिळ्ळै (बाळा), मेला असेल तर मेला म्हणून सांगा. पण आलाच नाही म्हणजे काय?"

म्हणून या फोटोला त्यांनी कधीच हार घातलेला नाही. हार घातला की माणूस गेला, हे आपल्याकडे तसं त्यांच्याकडेही. आणि अम्मांचं म्हणणं असं की आपणच गेला म्हटलं, तर बस कुठे गेली हे विचारायला कोण उरणार?

तिथून निघताना मी मॅप बघत होते आणि चुकीची लेन सांगितली. नदीवरच्या मोठ्या पुलावर चढायच्या ऐवजी आम्ही एका आउटलेट मॉलच्या पार्किंगमध्ये पोचलो. थारिणी म्हणाली, "ग्रेट, शॉपिंग करूया?" अम्मा पहिल्यांदा हसल्या. नंतर फार हसायला मिळालं नाही.

कार्यक्रम होता न्यू जर्सीतल्या एका छोट्या गावाच्या फायर स्टेशनच्या हॉलमध्ये. इकडे असे हॉल भाड्याने मिळतात. लग्नं, बारशी, सगळं तिथेच. एक म्हातारा अमेरिकन फायरमन दारात खुर्ची टाकून बसला होता. आमच्या हातात फुलांचे खोके बघून त्याने विचारलं, "लग्न?"

"नाही सर, मेमोरिअल," थारिणी म्हणाली.

"सॉरी फॉर युअर लॉस. कोण गेलं?"

थारिणीने हातातला खोका सावरला. "बरेच जण."

त्याने टोपी काढली. मग ट्रकच्या दारासमोर गाडी लावू नका म्हणाला.

आत भिंतीवर बिंगोचा मोठा बोर्ड आणि त्याच्या खाली स्टेज. मधोमध चळवळीच्या सर्वोच्च पुढाऱ्याचा, थलैवरचा (नेत्याचा), दारभर उंचीचा फोटो. दोन्ही बाजूंना बाकीच्या पुढाऱ्यांचे, गणवेशातले. समोर लांब टेबलावर युद्धात गेलेल्या साध्या माणसांचे फोटो. पासपोर्ट साइज मोठे केलेले, लग्नातले कापलेले, शाळेच्या युनिफॉर्ममधल्या मुलींचे. माझा ड्रेस पिवळा आणि ओढणी लाल होती. एक काका येऊन हात जोडून थँक यू म्हणाले. मला कळेना. थारिणी कानात म्हणाली, "ते इयक्कमचे रंग आहेत. डोन्ट वरी, आता काही करता येणार नाही." मी ओढणी गुंडाळून बॅगेत कोंबली.

मला फार वेळ फोटोंसमोर उभं राहवेना, म्हणून मी मदत करते सांगून किचनमध्ये पळाले. तिथे सेल्वी अक्का होत्या. बारीक चणीच्या, केसांना जाळी, एका प्रचंड पातेल्यात डाव फिरवत होत्या. त्या थेट त्या समुद्रकाठच्या पट्टीतून वाचून, छावणीत राहून, मग इकडे आलेल्या. पातेल्यात कंजी होती. मी बघितली आणि इतकी खूश झाले, कारण ही तर आमची पेज. मी वाटीभर घेतली, फुंकर मारून प्यायले आणि विचारलं, "अक्का, लोणचं आहे का थोडं?"

किचनमधल्या सगळ्या बायका थांबल्या.

सेल्वी अक्का रागावल्या नाहीत. मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "तिथे काही नव्हतं, म्हणून इथे काही नाही. बॉम्ब पडायचे तरी आम्ही याच्यासाठी लाइन लावायचो. भात कमी, पाणी जास्त. लाइनवर बॉम्ब पडला तर मागचे पुढे यायचे." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्यात लोणच्याबरोबर खातात?"

"हो, आजारी असलं की. किंवा पावसात."

"चांगलं लागत असेल," त्या म्हणाल्या आणि परत ढवळायला लागल्या. मी उरलेली कंजी तशीच प्यायले.

तेवढ्यात हॉलमधून अम्मांचा आवाज आला. मी त्यांचा आवाज कधी चढलेला ऐकलाच नव्हता. पळत गेले.

स्टेजवर, थलैवरच्या शेजारच्या रांगेत, राजनचा फोटो होता. पर्समधला नव्हे. मोठा, गणवेशातला, कपाळावर आठ्या असलेला. खाली चळवळीतलं नाव (तिथे गेलं की नाव बदलायची पद्धत होती), हुद्दा, आणि 'रणांगणावर वीरमरण'. वर झेंडूचा जाडजूड हार. अम्मा स्टेजवर चढल्या होत्या आणि दोन्ही हातांनी तो हार काढत होत्या.

"अक्का, थांबा," आयोजक म्हणाले. सगळे त्यांना मास्टर म्हणतात, लंगडत चालतात, स्वतः लढलेले. "इतकी वर्षं झाली. तो कमांडर होता. त्याचा मान आहे हा."

"मधल्या फोटोला हार का नाही?" अम्मांनी विचारलं.

मास्टरांनी मागे वळून बघितलं. थारिणी मला भरभर ट्रान्सलेट करत होती. थलैवरच्या फोटोला खरंच हार नव्हता, खाली दिवाही नव्हता. त्या हॉलमधल्या कित्येकांना अजून वाटतं की तो कुठेतरी जिवंत आहे.

"तुमचा नेता जिवंत असू शकतो," अम्मा म्हणाल्या. "माझा तंबी नाही. त्याला तुम्ही मारून टाकलात. का?"

"मग काय लिहू?" आता मास्टरांचाही आवाज चढला. "शरण गेला असं लिहू? त्याच्या हाताखाली पोरं मेली. सगळ्यांच्या गळ्यात सायनाइडची कुपी होती. पकडले जाण्याआधी चावायची, हा नियम. त्याच्याही गळ्यात होती. असा माणूस हात वर करून गेला, असं मी या मुलांना सांगू?"

"गेला तो."

हे अम्मा बोलल्या नव्हत्या. किचनच्या दारात सेल्वी अक्का उभ्या होत्या, हातात तसाच डाव.

"मी बघितलाय," त्या म्हणाल्या. "तारेच्या कुंपणाजवळ त्याच्या मागेच होते मी. लुंगी आणि पांढरा शर्ट घातला होता. कुपी काढून टाकली होती."

अम्मा स्टेजवरच खाली बसल्या. इतकी वर्षं त्यांच्याकडे 'लोकांनी बघितलंय' एवढंच होतं. ज्याने बघितलं ते माणूस पहिल्यांदा समोर उभं होतं.

"इतकी वर्षं तू इथे येतेस," अम्मा म्हणाल्या. "मला का नाही सांगितलंस?"

"कारण मग पुढचंही सांगावं लागलं असतं." सेल्वी अक्का थारिणीकडे बघत होत्या, अम्मांकडे नाही. "शेवटी शेवटी इयक्कमवाले घराघरातून एक पोर नेत होते. आमच्याकडून माझ्या मुलीला नेलं. दहावीत होती. मी तिला भाताच्या कणगीमागे लपवलं होतं. तेव्हा दारात हाच उभा होता, रंजिनी अक्का. तुमचा तंबी. मी त्याचे पाय धरले. तारेजवळ तो दिसला तेव्हा मी शर्ट धरून विचारलं, माझी मुलगी कुठेय? त्याने विचारलं, नाव काय तिचं? मी सांगितलं. तो विचार करत राहिला. मग म्हणाला, आठवत नाही, अक्का. आणि बसमध्ये चढला."

हॉलमध्ये कोणीतरी खुर्ची सरकवली.

मला वाटलं आता अम्मा म्हणतील, तो असा नव्हता. कोणतीही बहीण म्हणेल. अम्मा खाली उतरल्या, सेल्वी अक्कांसमोर उभ्या राहिल्या आणि विचारलं, "नाव काय तिचं?"

"यालिनी."

"यालिनी," अम्मा म्हणाल्या. परत एकदा म्हणाल्या. "तिचा फोटो कुठेय? टेबलावर?"

"फोटो बंकरमध्ये जळले. आणि असता तरी मी टेबलावर ठेवला नसता. तुम्हीही ठेवत नाही ना."

अम्मांच्या हातात तो हार अजून तसाच होता. कुठे ठेवावा त्यांना कळत नव्हतं. शेवटी सेल्वी अक्कांनीच तो घेतला, दोरा तोडला, आणि सगळी फुलं सुटी करून परातीत टाकली, येणाऱ्या प्रत्येकाला दिव्यापाशी वाहायला. मास्टरांनी राजनचा मोठा फोटो उतरवला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला. ते मला बघवलं नाही. खरं तर कोणाची बाजू घ्यावी हेच मला कळत नव्हतं. सकाळपासून अम्मांच्या बाजूने होते. आता त्या दहावीतल्या मुलीला लपवलेलं दिसत होतं सारखं.

दिवे लागले. सगळे फुलं घेऊन रांगेत गेले. या दोघी गेल्या नाहीत. मागच्या दाराबाहेर, पार्किंगच्या कडेला बसल्या होत्या, दोघींच्या हातात कंजीचे कागदी कप. मी विचारायला गेले, काही हवंय का. अम्मांनी मान हलवली. सेल्वी अक्का म्हणाल्या, "लोणचं," आणि मला हसावं की रडावं कळेना. मी गाडीतल्या चकल्या आणून ठेवल्या.

परतताना सेल्वी अक्का गाडीपर्यंत आल्या नाहीत. भांडी घासायची होती त्यांना. अम्मांनी लांबूनच हात जोडले. त्यांनी नुसती मान हलवली. त्यांनी माफ केलं असं मला वाटलं नाही, आणि अम्मांनी मागितलीही नव्हती माफी.

हायवेला लागलो. मग अम्माच म्हणाल्या, "आजपर्यंत मी त्याची गोष्ट बसपासून सुरू करायचे."

थारिणीने आरशात बघितलं. "मग आता?"

"आता सेल्वीच्या दारापासून करावी लागेल. नाहीतर माझं कोण कशाला ऐकेल?"

आणि त्यांनी खरंच सुरू केली. आधी तमिळमध्ये, मग माझ्यासाठी इंग्रजीत. एक दार, एक कणगी, मागे एक मुलगी, दारात आपला भाऊ. तिथे त्या अडकायच्या. परत पहिल्यापासून सुरू करायच्या. अ‍ॅशबर्नमध्ये आम्ही घरासमोर गाडी लावली तेव्हाही त्या दारातच होत्या. बसपर्यंत एकदाही पोचल्या नाहीत.

बाबांना अजून परत फोन केलेला नाही. ते विचारतील, कसले लोक होते ते? तेव्हा मला एक वाक्य पुरणार नाही. त्यांना तेवढा वेळ असेल अशा दिवशी करणार आहे.