बूड नसलेला डोंगर

माझ्या शहाणपणाची एक गोष्ट सांगतो. हसायचं तर हसा, फक्त चहा गार होऊ देऊ नका.

पनवेलमध्ये आयुष्य काढलेला माणूस बोट दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवत नाही. इथे प्रत्येकाला कधी ना कधी कोणीतरी बांधावर उभं करून सांगितलेलं असतं, "ते आंब्याचं झाड दिसतंय ना, त्याच्या पलीकडे तुमचा प्लॉट." मीही असा एक घेतला. आंबा खरा निघाला. पलीकडे खाडी निघाली. तेव्हापासून कोणी चंद्र दाखवला तरी मी आधी सातबारा मागतो.

तर दार्जिलिंग. ही सहल मी आणि नंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, मिळून ठरवली होती. कांचनजुंगा तिला बघायचं होतं. जायच्या आधीच ती गेली. आजारपणात म्हणाली होती, "तुम्ही जा. माझ्या वाटचं बघून या, आणि फोटो आणा." म्हणून गेलो.

पोहोचल्यापासून नुसतं धुकं. सहलीचा मॅनेजर केतन रोज म्हणायचा, "उद्या नक्की दिसणार." हे वाक्य मी ओळखतो. ताबा द्यायच्या आधी बिल्डर हेच म्हणतो.

शेवटच्या सकाळी आम्हाला एका टेकडीवर नेलं. उजाडता उजाडता केतन म्हणाला, "दिसलं!" सगळ्यांनी माना वर केल्या. मी समोर पाहिलं. हिरवे डोंगर, आपल्या कर्नाळ्याकडे असतात तसे. बर्फाचा पत्ता नाही.

"काका, तिथे नाही. वर बघा. अजून वर."

वर आभाळात काहीतरी गुलाबी-पांढरं तरंगत होतं.

"हा ढग आहे," मी म्हटलं.

"शिखर आहे, काका."

"मग त्याला बूड कुठाय? डोंगर जमिनीवर असतो."

"बूड धुक्यात आहे ना."

"वा. आमचा प्लॉटही असाच पाण्यात होता."

आमच्या पनवेलजवळच्या विचुंब्याचे घरतशेट सपत्नीक आमच्या सहलीत होते. जमिनीच्या व्यवहारात मुरलेला माणूस. ते पुढे सरसावले. "सर बोलतात ते बरोबर हाय. आमी काय डोंगर बघितलं नाय?"

"आवो, पन ढग हाय तर हालत कसा नाय?" घरतवहिनींनी विचारलं.

"वारा नाही ना, वहिनी," मी समजावलं.

तेवढ्यात वाऱ्याने माझी कानटोपी उडवली. मी ती धावत जाऊन आणली, पण मुद्दा सोडला नाही.

"ऱ्हाऊ दे," वहिनी म्हणाल्या. "ढग तर ढग. नमस्कार करायला काय जातं?" आणि हात जोडून तिथेच उभ्या राहिल्या.

मला मात्र तक्रार करायची होती, आणि तक्रारीला पुरावा लागतो. घरतशेटांच्या हातात मोबाइल दिला. "माझं बोट नीट येऊ द्या. कुठल्या ढगाला हे लोक शिखर म्हणतात ते कळलं पाहिजे." बोट रोखून उभा राहिलो. मग त्या ढगाकडे पाठ फिरवून आम्ही दोघे चहाला गेलो. परत येईपर्यंत सगळं पांढरं झालं होतं.

परतीच्या प्रवासात मी मोबाइलमधला तो ढग पुन्हा पुन्हा काढून बघत होतो. नंदाने एकच गोष्ट मागितली होती.

घरी आल्यावर मेहुणी, वासंती, भेटायला आली. मी तिला पुरावा दाखवला.

"भाऊजी, काय सुरेख आलंय हो कांचनजुंगा!"

"ढग आहे तो."

तिने टेबलावरचं, गेल्या वर्षी छापलेलं सहलीचं माहितीपत्रक उचललं आणि त्यावरच्या चित्राशेजारी माझा मोबाइल धरला. तोच उंचवटा, तीच खाच, तोच उतार.

"म्हणजे हा ढग गेल्या वर्षापासून तिथेच बसलाय?" तिने विचारलं.

मी चष्मा पुसला. पुसून काही बदललं नाही.

आता तो फोटो मोठा करून नंदाच्या फोटोसमोरच्या भिंतीवर लावलाय. तिच्या वाटचं ती रोज बघते. माझ्या वाटचं मी पाठ फिरवून घालवलं.

येणारे-जाणारे फोटोजवळ थांबतात. "हे बोट तुमचं का हो?"

"हो."

"म्हणजे सगळ्यांना शिखर तुम्हीच दाखवलंत!"

नंदा समोरून हसत असते. मी चहा टाकायला आत जातो. पनवेलमध्ये बोट दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, हे मी उगाच सांगत नाही.